खासगी, छापण्यासाठी नाही

सोमवारी सकाळी मॅकइसाकसाहेब रागवायचे.
आधी कोट खुंटीला, मग ओले बूट दाराशी,
मग खिडकीतून गोठलेल्या बंदराकडे एक नजर,
आणि मला म्हणायचे, "ओडील, कागद लाव.
आज बूटिलिएला भाजून काढायचंय."

शिट्टी वाजवत मजकूर सांगायचे.
खरंच, शिट्टी.
"महोदय, आपला शनिवारचा अग्रलेख वाचून
माझा हात अजून थरथरतो आहे..."
हात तेव्हा चहात बिस्किट बुडवत असायचा
आणि बिस्किट कधी तुटून पडलं नाही.

पहिला खर्डा फार गरम. तो फाडायचा.
दुसऱ्यात 'निर्लज्ज' खोडून 'खेदजनक',
तिसऱ्यात 'खेदजनक' खोडून पुन्हा 'निर्लज्ज',
पण एकदाच, शेवटून दुसऱ्या ओळीत.
"राग दिसता कामा नये, ओडील,
आवरलेला राग दिसला पाहिजे.
दाराआड कुत्रा आहे एवढं कळलं की पुरे.
कुत्रा बाहेर आणला की लोक त्याचे दात मोजतात."

वर तांबडा शिक्का: खासगी, छापण्यासाठी नाही.
तो मी मारायचे,
जरा तिरका, घाईत मारल्यासारखा.
तेही त्यांनीच शिकवलेलं.

चारचौघांत मात्र माणूस लोण्यासारखा.
पोर्ट कॅल्डरच्या खाणवाल्यांच्या बायकांपुढे टोपी काढणार,
कुणाच्या पोराचा खोकला, कुणाच्या बोटीचं इंजिन,
सगळं नावानिशी लक्षात.
अख्ख्या केप ब्रेटनमध्ये त्यांना चिडलेलं
आठ संपादकांखेरीज कुणी पाहिलं नव्हतं.
आणि त्या आठांतल्या प्रत्येकाला वाटायचं,
वीज आपल्या एकट्याच्याच घरावर पडली.
असल्या गोष्टी कोण कुणाला सांगतं?

म्हणून खाण बंद होणार ही बातमी
चार आठवडे उशिरा आली. पान सहा,
मासळीच्या भावांखाली.

माझा भाऊ टेलेस्फोर त्या खाणीत होता.
त्या चार आठवड्यांत त्यानं
घरावर नवं छप्पर घातलं, बँकेच्या पैशानं,
आणि रविवारी सगळ्यांना शिडीवर चढवून दाखवलं.
मीही चढले. छान झालंय म्हणाले.
ती बातमी दाबणारी आठ पत्रं
माझ्याच बोटांनी टाइप केली होती.
एकाही पत्रात चूक नव्हती.

मार्चमध्ये बूटिलिएचं उत्तर आलं.
उत्तर कसलं, आमचंच पत्र परत,
समासात निळ्या पेन्सिलीनं शेरे:
'हात थरथरतो' – तिसऱ्यांदा. डॉक्टरांना दाखवावा.
'निर्लज्ज' – इनव्हर्नेसच्या संपादकांनाही हाच शब्द, याच ओळीत.
बॅडेकच्यांनाही.
आणि खाली, अगदी बारीक अक्षरात:
एवढ्या मेहनतीचं काही छापायचं नाही म्हणजे वाईटच वाटतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.
शिट्टी नाही.
मला कागद लावायला सांगितलं नाही, स्वतःच पेन घेतलं,
'महोदय' लिहिलं
आणि पुढे सरकेनात.
मान लाल, कानाच्या पाळ्या लाल,
निब एकाच जागी टेकलेली, शाई पसरत चाललेली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा राग पाहिला.
त्याला शब्दच येत नव्हते.
क्षणभर, देवाशपथ, वाईट वाटलं मला.

मग त्यांनी मान वर न करता विचारलं,
"ओडील, जुने कार्बन तू कुठे टाकतेस?"

बाहेर बर्फ तडकत होता, त्या दिवसांत तडकतो तसा.

"शेगडीत, साहेब," मी म्हणाले
आणि नवा कागद लावला,
कडेला कड नीट जुळवून.